बाहेरचं बी-स्कूल बघायला जायचं का? जायचं, पण सीटचे पैसे भरायच्या आधी

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत. एमबीएला बाहेर जायचंय, अॅडमिशन मिळालीये किंवा मिळेल असं वाटतंय, तर आधी एकदा जाऊन कॉलेज बघून यावं का. म्हणून अख्खं सदर त्यालाच देतेय. ऑफिसात कळलं तर पंचाईत होईल, नाव छापू नका असं जवळजवळ सगळ्यांनीच कळवलंय, तेव्हा नुसती गावं.

ताई, मी आयटीत आहे, सहा वर्षं झाली. फ्रान्समधल्या इन्सिआडची ऑगस्ट बॅचची ऑफर आलीये आणि लंडन बिझनेस स्कूलचीही. बाबा म्हणतात एवढे पैसे घालतोयस तर डोळ्यांनी बघून ये. रूममेट म्हणतो सगळं यूट्यूबवर आहे, कशाला दीड लाख घालवतोस. आणि गेलोच तर नक्की बघायचं काय?
— हिंजवडी, पुणे

बाबांचं बरोबर आहे, पण एक अट आहे. ऑफर लेटरमध्ये सीट पक्की करायचे पैसे कधीपर्यंत भरायचे ती तारीख असते, तिच्या आत जाऊन येता येत असेल तरच जा. पैसे भरून झाल्यावर जे बघायला जातात त्यांना सगळंच छान दिसतं, कारण आता दुसरं काही दिसून परवडणारच नसतं. आणि तुझ्यासारख्या दोन ऑफर हातात असलेल्या माणसाला दीड लाख जास्त नाहीत, इन्सिआडची नुसती फीच एक लाख युरोच्या वर आहे म्हणजे आपल्या पैशात कोटभर झाले. ऑफर एकच असती आणि तिथेच जायचं मनात पक्कं असतं तर मी म्हटलं असतं घरी बस आणि ते दीड लाख तिथल्या पहिल्या महिन्याच्या भाड्याला ठेव.

आता तुझ्या दोन ऑफर बघ किती वेगळ्या आहेत. लंडनचं कॉलेज रीजंट्स पार्कला लागून आहे, बेकर स्ट्रीटला ट्यूबमधून उतरलं की चालत जायचं, कोर्स 15 ते 21 महिन्यांचा आणि बाहेर पडलास की अख्खं लंडन. इन्सिआड म्हणजे फाँतेनब्लो नावाचं एक छोटं गाव, राजवाडा आणि भोवती जंगल. फाँतेनब्लोचा राजवाडा म्हणजे तोच जिथे 1814 मध्ये नेपोलियनने आपल्या सैनिकांचा निरोप घेतला, 1957 साली इन्सिआडची स्थापना झाली, पहिले वर्ग त्या राजवाड्यातच भरायचे, आत्ताचा कॅम्पस 1967 चा. ऐकायला भारी वाटतं पण कोर्स 10 महिन्यांचा आहे, दोन-दोन महिन्यांचे पाच तुकडे, आणि ऑगस्ट बॅचला मध्ये उन्हाळी इंटर्नशिपची सुट्टी नसते, ती जानेवारी बॅचला मिळते. आयटी सोडून कन्सल्टिंग किंवा फायनान्समध्ये जायचं मनात असेल तर इंटर्नशिप न करता थेट नोकरी मागायची आहे हे डोक्यात ठेवूनच जा आणि तिथे गेल्यावर हाच प्रश्न विचार. भारतीय आयटीतून आलेला, फ्रेंच न येणारा, ऑगस्ट बॅचचा एखादा शोध आणि त्याला विचार तू अर्ज कधी करायला लागलास, किती जणांनी नाही म्हटलं, पॅरिसमध्ये काम बघितलंस का. पॅकेज किती ते विचारू नकोस, तो आकडा कॉलेजच्या रिपोर्टमध्ये असतो.

नक्की काय बघायचं म्हणशील तर ओपन डेला जाऊ नकोस. ओपन डे म्हणजे कांदेपोहे, सगळे इस्त्रीचे कपडे घालून गोड बोलत असतात. साधा मंगळवार-बुधवार पकड, अॅडमिशन ऑफिसला आधी मेल करून वर्गात बसायची परवानगी माग, आणि जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला दिवस बघ. तेव्हा पाच वाजता अंधार होतो, पाऊस किरकिर करत असतो आणि परीक्षा डोक्यावर असतात, अशा वेळी माणसं जशी वागतात तशीच तुझ्या वाट्याला येणार आहेत. जूनमध्ये गेलास तर सगळे लॉनवर बसलेले दिसतील आणि तू लगेच हो म्हणून येशील. तारखा जुळत नसतील तर जूनमध्ये जा, पण डोकं थंड ठेवून.

वर्गात सरांकडे कमी बघ, मुलांकडे जास्त. कोण बोलतं, कोणाचं बोलणं कोण तोडतं, ज्याची इंग्रजी अडखळते त्याला पूर्ण बोलू देतात का. इन्सिआडला सुरुवातीच्या महिन्यांत कॉलेजच तुमचे पाच-सहा जणांचे ग्रुप पाडतं, मुद्दाम वेगवेगळ्या देशांचे आणि कामांचे, म्हणजे एक बँकवाला, एक लष्करातून आलेला, एक कन्सल्टंट असं. तुला निवडायला मिळत नाही आणि मार्कांचा बराच भाग त्यांच्या जिवावर असतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये कोणाच्या तरी टेबलावर जाऊन बस आणि सरळ विचार, ग्रुपमध्ये भांडण झालं तेव्हा काय केलंत. या एका प्रश्नावर लोक जेवढं बोलतात तेवढं कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. कोणी हसून टाळलं तर तेही लक्षात ठेव. मी स्वतः तिथेच शिकले, आमच्या ग्रुपमध्ये एक पाहुणा मुलगा येऊन बसला होता आणि आम्ही एका स्लाइडच्या रंगावरून वाद घालत होतो, तो शांतपणे सगळं वहीत लिहून घेत होता, मला वाटतं त्याला जे बघायचं होतं ते त्याला मिळालं.

राहायचं प्रकरण वेगळंच आहे. इन्सिआडची मुलं फाँतेनब्लोत आणि आजूबाजूच्या खेड्यांत, म्हणजे बार्बिझाँ, सामवा, मोरे अशा ठिकाणी मोठमोठी जुनी घरं चौघं-सहा जण मिळून घेतात. ही घरं बऱ्याचदा एका बॅचकडून दुसरीकडे जातात, जुलैत सुटणारी मुलं ऑगस्टवाल्यांना खोली देऊन जातात. फोटोत झाडं, फायरप्लेस, लाकडी जिना सगळं असतं, फोटोत नसतं ते हे की दुकान तीन किलोमीटरवर आहे, रविवारी दुपारनंतर बंद आहे आणि संध्याकाळनंतर बस मिळायची मारामार आहे. गाडी चालवता येत नसेल तर खेड्यातलं घर घेऊ नकोस, कितीही सुंदर असलं तरी. गेलास की एकदा रात्री नऊला कॅम्पसवरून त्या घरापर्यंत चालत जाऊन बघ.

जायचा रस्ता सोपा आहे. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी (आरईआर म्हणजे पॅरिसच्या लोकल) पकडून शातले, तिथे आरईआर ए किंवा डी पकडलं की पुढचंच स्टेशन गार द लियाँ, आणि तिथून लाइन आर ची ट्रेन, फाँतेनब्लो-आव्हाँला चाळीसेक मिनिटं. स्टेशनबाहेरून कॅम्पसची बस मिळते. जानेवारी 2025 पासून पॅरिस आणि भोवतालच्या सगळ्या भागात ट्रेनचं एकच तिकीट झालंय, सुरू झालं तेव्हा 2.50 युरो होतं, फक्त विमानतळाचं वेगळं, ते तेव्हा 13 युरो होतं. त्यामुळे हॉटेल पॅरिसमध्ये घे की फाँतेनब्लोत असा प्रश्न पडला तर फाँतेनब्लोतच घे. पॅरिसमध्ये राहिलास तर चार दिवसातले तीन आयफेल टॉवरलाच जातील, मला माहितीये.

लंडनही बघणार असशील तर हे लक्षात ठेव की ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांत, नाही, व्हिसे दोन लागतील, पासपोर्ट एकच आहे आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी अडकतो. दोन्ही व्हिसे हातात आले की मात्र मजा आहे, पॅरिसच्या गार द्यू नॉरहून युरोस्टारने सव्वादोन-अडीच तासात लंडन, ब्रिटिश इमिग्रेशनही पॅरिसच्या स्टेशनवरच उरकतं. दोन्ही कॉलेजं एकाच आठवड्यात बघ, तुलना ताजी राहते. मध्ये महिना गेला की जे आधी बघितलं ते फिकं पडतं.

मी सीए आहे, पॅरिसजवळचं एक कॉलेज पक्कं करायच्या बेतात आहे. आधी बघायला जाईन म्हणते. व्हिसा टुरिस्ट घ्यायचा की काय सांगायचं? तिथे गेल्यावर आवडलं तर तोच व्हिसा पुढे स्टुडंटमध्ये बदलून घेता येईल का? आणि ऑफिसकडून रजेचं पत्र लागतं म्हणे, ते मागितलं तर बॉसला कळणारच.
— ठाणे

व्हिसा साधा शॉर्ट-स्टे शेंगेन, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं. फी मोठ्या माणसाला 90 युरो, जून 2024 ला वाढली, त्यावर व्हीएफएसचे, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीचे, पैसे वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी 15 दिवस आधी तरी करावाच लागतो, पण सुट्ट्यांच्या हंगामात अपॉइंटमेंटच मिळत नाही तर 15 दिवसांच्या भरवशावर राहू नका. विमा किमान 30,000 युरोचं कव्हर असलेला हवा.

कारण खरं तेच लिहा. कॅम्पस बघायला जातेय, अॅडमिशनचं पत्र सोबत जोडलंय, अमुक तारखेला परत येतेय. काही एजंट सांगतात की शिक्षणाचं नावच काढू नका, नुसतं फिरायला जातेय लिहा, नाहीतर परत येणार नाही असा संशय घेतील. मला हे पटत नाही. तीन महिन्यांनी तुम्ही त्याच देशाकडे स्टुडंट व्हिसा मागायला जाणार आहात, तुमची आधीची फाइल त्यांच्याकडे असते, कशाला उगाच दोन गोष्टी सांगून ठेवायच्या. कॉलेजला मेल केलात तर अमुक दिवशी भेटीला येणार आहेत असं पत्र ते देतात, ते लावा.

बदलून मात्र मिळणार नाही. शॉर्ट-स्टे व्हिसावर गेलात की परत यायचं, आणि इथून कॅम्पस फ्रान्सची (बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीची फ्रेंच सरकारी संस्था) ऑनलाइन फाइल, त्यांची मुलाखत, मग व्हीएफएसला लाँग-स्टे स्टुडंट व्हिसाचा अर्ज, असा सगळा क्रम भारतातूनच होतो. म्हणून भेट आणि स्टुडंट व्हिसा यांच्यात अंतर ठेवा. ऑगस्टची बॅच असेल तर मार्च-एप्रिलपर्यंत बघून या, मे-जून स्टुडंट व्हिसासाठी मोकळे ठेवा, नाहीतर पासपोर्ट एकीकडे अडकलाय आणि तिकीट दुसरीकडे असं होतं.

रजेचं पत्र लागतं, पगारदार माणसाला ते टळत नाही. पण त्यात एमबीएचा म सुद्धा असायची गरज नाही, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत रजा मंजूर आहे आणि त्या नंतर त्या कामावर रुजू होतील, एवढंच. एचआरकडून घ्या, बॉसकडे जाऊच नका. कुठे चाललीस विचारलं तर युरोप म्हणा, खोटं नाहीच ते. बाकी बँक स्टेटमेंट, आयटीआर, पगाराच्या स्लिपा हे सीएला मी काय सांगू.

माझ्या मुलीला फ्रान्सच्या कॉलेजात एमबीएला अॅडमिशन मिळतेय. तिच्यासोबत मी आणि हे दोघं जाऊन यावं का? सरांना भेटता येईल का? मुलं-मुली एकाच घरात राहतात असं ऐकलं, शिवाय आम्ही शाकाहारी.
— इचलकरंजी

काकू, जा, पण सरांना भेटायला नको. तिथे एमबीएला येणारी मुलं सत्तावीस-अठ्ठावीसची, नोकरी केलेली असतात, कोणाचे आईवडील प्रोफेसरला भेटायला आले तर प्रोफेसर गोंधळून जाईल आणि तुमची लेक वर्षभर त्यावरून चिडवून घेईल. कॅम्पसला तिला एकटीला पाठवा, तुम्ही दोघं त्या वेळात राजवाडा बघा, पॅरिसपेक्षा गर्दी फार कमी असते आणि बाग तर फुकट बघता येते. संध्याकाळी तिघं मिळून घर बघायला जा, तिथे तुमची नजर खरी कामाला येते. नळाला गरम पाणी किती वेळ येतं, खिडक्या नीट लागतात का, स्वयंपाकघरात किती जणांचे डबे आहेत, हे अठ्ठावीस वर्षांची पोरं बघत नाहीत.

घरं मिश्र असतात हे खरं आहे. खोली प्रत्येकाची वेगळी आणि कुलपाची असते, स्वयंपाकघर आणि बैठक सगळ्यांची. नकोच असेल तर मुलींचंच घरही शोधता येतं किंवा गावातला छोटा स्टुडिओ घेता येतो, महाग पडतो, पण तो निर्णय तिला करू द्या. मला विचाराल तर एकटीने खेड्यात स्टुडिओ घेण्यापेक्षा चार जणांचं गावातलं घर बरं, आजारी पडलं तर कोणीतरी दार वाजवतं.

शाकाहारी म्हणून उपाशी राहत नाही कोणी. कँटीनमध्ये काहीतरी मिळतं, पण फ्रेंच माणसाच्या शाकाहारात मासा कधी कधी बसतो, तेव्हा आधी विचारायचं. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी फाँतेनब्लोत भाजीबाजार भरतो, छान असतो. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता यासाठी पॅरिसला गार द्यू नॉरच्या मागे ला शापेलला जायचं, तिथे सगळी श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं आहेत. आमच्यावेळी महिन्यातून एकदा कोणीतरी रिकामी सूटकेस घेऊन जायचं आणि भरून आणायचं, ओल्या नारळासकट. कुकर मात्र इथून न्या.

जायला पैसे नाहीत आणि सुट्टीही नाही. घरबसल्या काय बघू?
— नागपूर

खूप काही. इन्सिआडला अर्ज केलात तर दोन माजी विद्यार्थी तुमची मुलाखत घेतात, बहुतेक वेळा तुमच्याच शहरात किंवा जवळपास, म्हणजे तुम्हाला कॅम्पसवर जाऊन मुलाखत द्यायची नसतेच. लोक त्या तासात घाम पुसत बसतात आणि शेवटी काही विचारायचंय का म्हटलं की नाही म्हणतात! विचारा ना, समोर बसलेला माणूस तिथे राहून आलाय. पुन्हा करायचं झालं तर तिथेच कराल का, काय आवडलं नाही, कर्ज फिटायला किती वर्षं लागली. बरेच जण मोकळेपणाने सांगतात.

दुसरं म्हणजे लिंक्डइनवर आत्ता शिकत असलेल्या दोघा-तिघांना मेसेज करा, पण वीस मिनिटं बोलायची वेळ मागा आणि प्रश्न आधी लिहून पाठवा, नुसतं हाय टाकलं की कोणी उत्तर देत नाही. व्हिडिओ कॉलवर आलेच तर फोन हातात घेऊन घराचं स्वयंपाकघर आणि बाहेरचा रस्ता दाखव म्हणा. फ्रान्स आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आहे, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, जागायची तयारी ठेवा. आणि गूगलच्या नकाशात कॅम्पस ते स्टेशन, कॅम्पस ते दुकान हे अंतर पायी टाकून बघा, यूट्यूबवरचे ड्रोन व्हिडिओ बघण्यापेक्षा बरं. खेड्यातलं घर मात्र व्हिडिओवर बघून आगाऊ पैसे देऊन टाकू नका, तिथल्या कोणाला तरी, निदान सुटणाऱ्या बॅचमधल्या एखाद्याला प्रत्यक्ष बघायला सांगा.

अमेरिकेत अॅडमिशन झाली तर तिथली कॉलेजं एप्रिलमध्ये अॅडमिट झालेल्यांना दोन दिवस बोलावतात. माझी मावसबहीण न्यू जर्सीत आहे, राहायचा प्रश्न नाही. स्टुडंट व्हिसा आधीच काढून त्यावरच जाऊन आलो तर?
— छत्रपती संभाजीनगर

नाही चालणार. अमेरिकेचा एफ-1 व्हिसा आधी मिळू शकतो, पण त्यावर कोर्स सुरू व्हायच्या 30 दिवसांपेक्षा आधी तिथे उतरता येत नाही. ऑगस्टचा कोर्स असेल तर एप्रिलचा वीकेंड त्यात बसत नाही, त्यासाठी बी-1/बी-2 म्हणजे व्हिजिटर व्हिसा लागतो, त्याच्या अर्जाची फी 185 डॉलर आणि मुलाखतीची तारीख मिळायलाच महिने लागतात. तुमच्याकडे आधीच दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असेल तर डोळे मिटून जा, नसेल तर त्या एका वीकेंडसाठी त्या रांगेत उभं राहण्यात मला अर्थ दिसत नाही. बऱ्याच कॉलेजांचे अॅडमिट झालेल्यांसाठी ऑनलाइन कार्यक्रम असतात आणि मोठ्या कॉलेजांचे माजी विद्यार्थी मुंबईत भेटीगाठी ठेवतात, त्यांना जा.

एवढंही करून गेलातच आणि बॉस्टनला हार्वर्ड बघायचं झालं तर केस पद्धतीच्या, म्हणजे एखाद्या कंपनीचा खरा पेच घेऊन चर्चा करतात त्या, वर्गात बसायला मिळतंय का ते वेबसाइटवर आधी नाव नोंदवून बघा. नव्वदेक मुलं अर्धगोलात बसतात, नावाच्या पाट्या समोर, आणि सर कुणालाही न सांगता पहिला प्रश्न टाकतात, तो वर्ग एकदा बघितला की आपल्याला हे झेपेल का ते कळतं. तिथे टाटा हॉल नावाची इमारतही आहे, 2013 ची, टाटांनी दिलेल्या 5 कोटी डॉलरमधून बांधलेली. फोटो काढायला सगळे मराठी तिथे थांबतातच, पण एमबीएचे वर्ग तिथे भरत नाहीत, ती कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या कोर्ससाठी आहे. तुम्ही ऑल्ड्रिच हॉल शोधा. आणि बहिणीला आधीच सांगा, न्यू जर्सीहून बॉस्टन गाडीने चार-पाच तास लागतात, सकाळच्या वर्गाला पोचायचं असेल तर आदल्या रात्री तिकडेच मुक्काम करावा लागेल.